यापूर्वीचा एकच कागद रद्द

मी खाली सही करणारा, वय सव्वीस, सातवी नापास, धंदा दोरीला लटकून उंच इमारतींच्या काचा पुसणे, घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर राहणार, हे मृत्युपत्र आपल्या मर्जीनं लिहून ठेवतो. अक्षर माझं, कलमं कशी घालायची ते कोर्टाबाहेर बसणारा अर्जनवीस सांगतो. मन ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर आणायला घरच्यांनी मला पाच महिने सुधार केंद्रात कोंडलं होतं, तेव्हा या विषयातला माझा अनुभव दांडगा आहे. जिवाला कंटाळलेलो नाही. गेल्या महिन्यात आमच्यातला एकजण बाराव्या मजल्यावरून पडला, आणि शवपेटी कुणाकडे पाठवायची ते मुकादमाला दोन दिवस कळेना, म्हणून लिहितो.

एक. माझं प्रेत घरी पाठवू नये. आई रडेल, रडू दे. "दुधात औषध आहे हे मला ठाऊक नव्हतं रे," असं फोनवर म्हणते, पण मला केंद्रात नेलं त्या रात्री पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलली नव्हती. तरी माझी लोकरीची शाल तिला द्यावी. तिचे गुडघे दुखतात.

दोन. वडिलांना काही नाही. दादाला माझं हेल्मेट. मला गाडीत कोंबताना म्हणाला होता, "गप बस, नाहीतर डोकं फोडीन." स्वतःचं तरी सांभाळावं.

तीन. शेगडी, दोन गाद्या, टेबलफॅन आणि बँकेत असेल ते, चार वर्षं माझ्यासोबत राहणाऱ्या रंगाऱ्याला द्यावं. तो तुझा कोण, असं सगळेच विचारतात. माझा माणूस आहे.

चार. अर्जनवीस म्हणाला, "यापूर्वीची मृत्युपत्रं रद्द, असं घालावं लागतं. आधी केलंयस का एखादं?"

म्हटलं, "मृत्युपत्र नाही. पण एका कागदावर सही केलीय."

"मग ते यात येत नाही, बाबा."

"येऊ द्या की."

केंद्रात मनगटाला तारा लावून पुरुषांची चित्रं दाखवायचे आणि खटका दाबायचे. चौथ्या महिन्यात मी लिहून दिलं, की बरा झालो, माझ्यासाठी मुलगी बघा. त्या दिवशी पोटभर जेवण मिळालं. कागद चौकटीत घालून तसबिरीसारखा ऑफिसात लावला. नवीन पालक आले की केंद्राचे साहेब मला त्याखाली उभं करायचे. एकदा एक बाप आला, मुलगा बाहेर बसवलेला. बापानं कागद वाचला, म्हणाला, "खरंच फरक पडतो का रे, बाळा?"

मी म्हणालो, "हो काका, एकदम."

बाप उठला आणि मुलाला आत घेऊन आला. तो मुलगा म्हणजे हा रंगारी. तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आता हात थरथरतो, अक्षर काढता येत नाही. नुसत्या भिंतींवर रोलर फिरवतो. पुढे एकदा त्याला हे सगळं सांगितलं. म्हणाला, "माहितेय. दार काचेचं होतं."

तर तो कागद मी रद्द करतो. मी आजारी नव्हतो आणि बराही झालो नाही. याची नक्कल केंद्रात द्यावी आणि तिथं जो बाप बसला असेल त्याला मोठ्यानं वाचून दाखवावी. अर्जनवीस म्हणतो, हे कुणावर बंधनकारक नाही, तसबीर जागची हलणार नाही. मलाही तसंच वाटतं. तरी लिहिलं.

पाच. आमच्या कामात आपण बांधलेली गाठ दुसऱ्यानं ओढून बघितल्याशिवाय कुणी कठड्याबाहेर पाय टाकत नाही. हा कागद मला रंगाऱ्याकडून ओढून बघून घ्यायचा होता. पण ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, असा नियम आहे. म्हणून ज्यानं सगळं पाहिलं त्याचीच सही इथं नाही. तो बाकावर माझ्या शेजारी बसलाय.

लिहून ठेवणार: (सही) काचवाला

साक्षीदार:
१. (सही) मुकादम. "कुठं करायची तेवढं सांग," म्हणाला.
२. (अंगठा) खानावळवाली मावशी.
दोघांनीही मजकूर वाचलेला नाही.

ठिकाण: कोर्टाबाहेरचा बाक
तारीख: सहा, शुक्रवार