अक्काला न बोलावता पाहिलेली काहील

अप्पा, काल बिदरच्या कोर्टातून बाहेर पडले आणि पायरीवरच मला हसू फुटलं. सोबतची माझी पक्षकार अक्का माझा काळा कोट धरून मला हलवायली होती, "वकीलबाई, म्हंजे जिंकलो का आपण?" मी म्हटलं, "जिंकलो न्हाई, अक्का. पुन्हा खेळायचंय." आणि तिथंच तुमची आठवण आली.

अक्का भालकीजवळच्या खेड्यातली. एका भागीदारासोबत तिचं गुऱ्हाळ होतं. दोघांचं फाटलं, तेव्हा करारात लिहिल्याप्रमाणे वाद कोर्टात न जाता लवादाकडे, म्हणजे दोघांनी मिळून नेमलेल्या पंचाकडे गेला. त्यांनी निवाडा दिला : अक्कानं हयगय केली, रस आटवायची काहील फुटू दिली, तिनं गुऱ्हाळ सोडावं. तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती, पेटली होती. "फुटकी काहील भंगारात द्यायला मागं परसात ठिवली व्हती. नवी भट्टीवर व्हती की! मला कुणी इचारलंच न्हाई." वाचता वाचता अकराव्या पानावर मला एक ओळ सापडली : लवादांनी स्वतः जागेवर जाऊन पाहणी केली होती. भागीदाराला आधी कळवलेलं, त्यानंच त्यांना परसात नेलेलं. अक्काला नोटीसच नाही. ती त्या दिवशी हुमनाबादच्या बाजारात.

माझ्या शाळेतले दिवस. तुम्ही घरी माझे वडील, शाळेत खेळाचे मास्तर, आमच्या कबड्डीचे पंच. हुमनाबादच्या मुलींशी अटीतटीचा सामना चाललाय, शेवटची चढाई माझी. मी त्यांच्या पोरीला शिवले की नाही, यावर गलका. तुम्ही मला बाजूला घेऊन विचारता, मी "शिवले" म्हणते, तुम्ही शिट्टी फुंकता, आम्ही नाचतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही हुमनाबादची बस धरायला निघालेले. सामना पुन्हा घेऊ, असं त्यांच्या मास्तरांना सांगायला. मी दार अडवते.

"कामून, अप्पा? मी खोटं बोलायलेय का?"

"तू खरीच असशील. पर त्या पोरीला मी इचारलंच न्हाई. चूक माझी हाय. सरक."

दुसऱ्या सामन्यात आम्ही सपाटून हरलो, आणि तुम्ही दोन्ही शाळांच्या पोरींना भजी खाऊ घातली. तुम्हाला इतकं खूश मी क्वचितच पाहिलं. मी मात्र दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

कोर्टात समोरचे वकील म्हणाले, अक्का हजर असती तरी काय फरक पडला असता? न्यायाधीशबाई कन्नडमध्ये शांतपणे म्हणाल्या, निवाडा बरोबर की चूक, ते मी बघत नाही. पण ती तिथं असती, तर दुसरी काहील दाखवली असती की नाही? निवाडा रद्द झाला.

आता नवा लवाद, नवी पाहणी, दोघांच्या समोर. परतीच्या बसमध्ये अक्का त्यांना काय काय दाखवायचं ते भालकीपर्यंत सांगत होती. शेजारच्या बायकाही मधेमधे सुचवत होत्या, अख्खी बस हसत होती.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, फायलीतच राहील. एक कबूल करते, अप्पा. दोघांचं नीट ऐकलं की मग निकाल काहीही लागो, तुमचं मन निवायचं. माझं अजून निवत नाही. अक्काच जिंकावी, असं मला फार वाटतंय.