फुगडीत पडलेलं पिस्तूल

पिस्तूल माझ्या कमरेतून पडलं ते दीडशे माणसांनी बघितलं, पण ते कमरेला बांधायची वेळ का आली हे एकानंही विचारलं नाही. अडीच महिने झाले. ‘वहिनींच्या डोक्यावर परिणाम झालाय’ असं पद्माकर भाऊजींनी घरोघर फोन करून सांगितलं. माझे सख्खे दीर, वर इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, म्हणजे लोकांना खरंच वाटणार. म्हणून आधी त्यांच्यासाठी: माझं डोकं ठिकाणावर आहे.

मी, शोभना श्यामकांत वाघचौरे, वय त्रेपन्न, मूळची भोसरीची, बावीस वर्षं राहणार रेगेन्सबर्ग, शिक्षण पाचवी, धंदा युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये भांडी, हा कागद माझ्या हातानं आणि माझ्या मर्जीनं लिहिते. इथं मृत्युपत्र सगळंच्या सगळं स्वतःच्या हातानं लिहावं लागतं, टाइप केलेलं धरत नाहीत. भाषा कुठलीही चालते. नीतानं चौकशी करून सांगितलं. अक्षर वाईट आहे, ते चालवून घ्या. येत्या २५ तारखेला माझं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात साधं आहे. यांच्या वेळेलाही साधंच म्हणाले होते.

एक. राहता फ्लॅट, दुसरा मजला, तळघरातल्या खोलीसह, माझी एकुलती मुलगी इरा हिला. ~~ती कपिलकडे परत गेली तर फ्लॅट विकून~~ हे मीच खोडलं आहे, शेजारी सही केली आहे. घर इराचं. ती कुठंही गेली तरी इराचं. तिला परत यायला दार पाहिजे.

दोन. माझ्या बांगड्या आणि मोहनमाळ इराला. ठुशी नीताला. नीता माझ्याबरोबर कँटीनमध्ये आहे, आठ वर्षं आम्ही एकाच सिंकवर उभ्या आहोत. तिनं नको म्हटलं तरी द्यायची.

तीन. मोठं पितळी पातेलं मंडळाला. दर गणपतीला भाऊजी मसालेभातासाठी नेतात आणि दिवाळीला मी मागून आणते, तेही तळाला भात चिकटलेलं. आता परत द्यायची कटकट नको. भाऊजींना वेगळं काही नाही. माझ्याविषयी बोलायला त्यांना पुष्कळ मिळालं आहे.

चार. पिस्तूल. हे नीट वाचायचं. इरा, तुझ्यासाठी लिहिते आहे. मराठी वाचायचा कंटाळा येतो हे माहीत आहे. तरी वाच.

पिस्तूल म्हणजे गोळी सुटणारं नव्हे. आवाज होतो आणि मिरचीचा धूर निघतो, एवढंच. ते विकत कुणीही घेऊ शकतं, पण अंगावर लपवून बाहेर न्यायला आम्टची, म्हणजे सरकारी ऑफिसची परवानगी लागते. ती माझ्याकडे होती. फॉर्म नीतानं भरला, सही माझी.

दुकानात गेले तर काउंटरवरचा दाढीवाला माझ्या मागं बघत होता, बरोबरचा पुरुष कुठं आहे म्हणून. ‘मिस्टरांसाठी का?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘मिस्टर वारले. मलाच हवंय. रोज न्यायचंय आणि कुणाला दिसता कामा नये.’ त्यानं पहिल्यांदा एक धूड काढलं. म्हणाला, हे बघून माणूस पळतोच. मी म्हटलं, बघायच्या आधी मला ते कोटातून काढायला हवं ना? इतकं लांब की बाहेर येईपर्यंत आमची बस निघून गेली असती. मग रिव्हॉल्वर दाखवलं. ते सोपं होतं, मागं काही ओढायचं नाही, नुसतं दाबायचं. पण त्याचं पोट फुगलेलं. कोट घालून आरशात बघितलं तर मी पाच महिन्यांची गरोदर. तिसरं चपटं होतं, तळहाताएवढं. त्याची वरची पट्टी मागं ओढायला जोर लागतो. दाढीवाला म्हणाला, बायकांना हे जड जातं. मी तीस लिटरची पातेली उचलते. दहा वेळा ओढून दाखवली. अकराव्यांदा तोच ‘या, या, गेनाऊ’, म्हणजे हो हो, बरोबर, असं म्हणाला आणि खोक्यात घालायला लागला.

पर्समध्ये ठेवा, असं त्याचं म्हणणं. पर्स हिसकावता येते. ते मला माहीत होतं, कसं ते पुढे. माझी आजी पैसे कनवटीला लावायची, ती झोपलेली असली तरी कुणाची हात घालायची टाप नव्हती. मी जुन्या परकराच्या कापडाचा पट्टा शिवला, त्याला दोन कप्पे आणि बांधायला नाडा. एकात पिस्तूल, एकात घराची चावी. वर पॅंट, पॅंटचा बेल्ट, त्यावर कोट. मे महिन्यापासून रोज तसंच गेले, तसंच आले. तू एकदा मिठी मारलीस तेव्हा म्हणालीस, ‘मामा, काय टोचतंय?’ इथल्या पोरांसारखं तू आईला मामाच म्हणतेस. मी म्हटलं कमरेचा पट्टा आहे, डॉक्टरांनी दिलाय. खोटं बोलले.

मग ३० ऑगस्ट, मंडळाचा गणपती. नऊवारी नेसले. पट्टा सवयीनं बांधला. इतके महिने तो पॅंटच्या बेल्टमुळे जागेवर राहत होता, नुसत्या नाड्यावर नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शिवाय परवानगी असली तरी गर्दीच्या कार्यक्रमात नेता येत नाही असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. नीतानं वाचून दाखवलं होतं. मला गणपती म्हणजे कार्यक्रम वाटला नाही, गणपती वाटला. चूक माझी. आम्टला तसंच लिहून देणार आहे.

बायकांनी फुगडीला ओढलं. सुकन्याबाईंबरोबर चौथ्या गिरकीला नाडा सुटला. पिस्तूल पायात पडलं आणि गुळगुळीत लाकडी जमिनीवरून घसरत थेट मखराखाली. भाऊजी माइक घेऊन आरतीला उभे होते.

‘वहिनी, हे काय?’ माइक चालूच.

‘पिस्तूल आहे, भाऊजी.’

‘गणपतीत?’

‘गणपतीखाली गेलंय. काढून द्या.’

कुणी हसलं, कुणी पोरं उचलून बाहेर पळालं. हॉलच्या हाउसमाइस्टरनं, म्हणजे देखभाल करणाऱ्यानं, पोलिसांना फोन केला. दोन पोलीस आले, बूट दारात काढू का म्हणून विचारलं, पिस्तूल नेलं आणि पावती दिली. म्हणजे पिस्तूल आता माझ्याकडे नाही, पावती आहे, कपाटात रेशनच्या जुन्या डब्यात. परत मिळालं तर इरानं ते आम्टलाच देऊन टाकावं. मला ते वारशात द्यायचं नाही.

आता कारण.

इरा, फेब्रुवारीत तू कपिलचं एर्लांगेनचं घर सोडून माझ्याकडे आलीस. तुझ्या दंडावर काय होतं ते मी बघितलं होतं. तू म्हणालीस, ‘मामा, बिटं, काइनं पोलित्साय.’ पोलीस नकोत. बरं म्हटलं. मार्चच्या चार तारखेला, मंगळवारी, पहाटेच्या बसला मी स्टॉपवर उभी होते. कपिल तिथंच उभा होता. पहिल्या गाडीनं आला असेल किंवा रात्रीच. पाया पडला.

‘आई, चावी द्या. मला फक्त तिच्याशी बोलायचंय.’

‘बोलायला बेल आहे. बेल वाजव.’

‘माझ्या बायकोच्या दाराची बेल मी वाजवू?’

आणि माझी पर्स धरली. मी सोडली नाही. मग त्यानं मनगट धरलं आणि पिरगाळलं, हळूहळू, माझ्या तोंडाकडे बघत, जावयानं सासूशी बोलावं तसं आई आई करत. किल्ल्यांचा जुडगा निम्मा बाहेर आला होता. तेवढ्यात बसचे दिवे आले. बस अगदी जवळ आल्यावर त्यानं हात सोडला, माझा कोट नीट केला आणि म्हणाला, ‘सांभाळून जा आई, बर्फ आहे.’ नीता त्या बसमध्ये पुढच्या सीटवर होती. तिनं सगळं बघितलं. मनगट सुजलं त्याचे फोटो तिच्या फोनमध्ये आहेत, तारखेसकट.

घरी येऊन मी तुला सांगितलं की बर्फावर घसरले. त्याचाच शब्द वापरला.

का सांगितलं नाही? कारण त्या आठवड्यात तू पहिल्यांदा अख्खी भाकरी खाल्लीस. आणि कारण मी तुला ओळखते. कळलं असतं तर मला वाचवायला म्हणून तू त्याच्याकडे परत गेली असतीस. म्हणून पोलिसांत गेले नाही, दुकानात गेले. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही. रोज उठून तेच तेच.

आणि आता तो भाऊजींकडे फुलं घेऊन बसला आहे. ‘आईंच्या घरात पिस्तूल असतं काका, इरा तिथं सुरक्षित नाही.’ भाऊजींना पटलं. त्यांनी २३ तारखेला, रविवारी, जेवायला बोलावून मिटवायचं ठरवलं आहे. मला बोलावलेलं नाही. परवा तू आतल्या खोलीत बॅग काढलीस. मी विचारलं तर म्हणालीस, ‘लास मिश.’ मला सोड. सोडते. पण कळल्याशिवाय नको जाऊस. कळलं आता.

पाच. यांची हत्यारांची पेटी, पाने, व्हर्नियर, स्क्रूड्रायव्हर सगळं, इराला. दहा वर्षांची होतीस तेव्हा यांनी तुला दाराच्या कुलपाचा सिलिंडर बदलायला शिकवलं होतं. नवा सिलिंडर मी आणून पेटीत वरच ठेवला आहे. तीन चाव्या आहेत. एक तुझी, एक नीताची, तिसरी माझी, मी दवाखान्यातून आले तर.

सहा. परकराचा तो पट्टा इराला. धुऊन ठेवला आहे, नाडा बदलून बटणं लावली आहेत. त्यात चावीच ठेव.

इथं साक्षीदार लागत नाहीत म्हणे, पण सह्यांशिवाय कागद मला कागद वाटत नाही.

साक्षीदार १: नीता रमेश खळदकर. (शोभनाताईंनी चार मार्चचं जे लिहिलं आहे ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. पोलिसांत सांगायला तयार आहे. नीता.)

साक्षीदार २: फ्राउ हुबर, खालचा मजला. तिला मराठी येत नाही. काय लिहिलंय विचारलं, मी म्हटलं माझी मुलगी. तिनं सही केली.

ठिकाण रेगेन्सबर्ग, शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५.

शोभना श्यामकांत वाघचौरे

सहीच्या खाली लिहिलेलं धरत नाहीत, म्हणून याच्याखाली पुन्हा सही करते. इरा, हा कागद कपाटात नाही, तुझ्या बॅगेवर ठेवते आहे. पिस्तुलाबद्दल आम्टनं माझ्याकडे शुक्रवार, २१ तारखेपर्यंत लेखी उत्तर मागितलं आहे. मलाही त्याच दिवसापर्यंत उत्तर हवं. जर्मनमध्ये दिलंस तरी चालेल. रविवारी तू जाणार आहेस की सिलिंडर बदलणार आहेस?

शोभना श्यामकांत वाघचौरे