आवाज न करणारा पंप

उलवे,
बुधवार, दि. २ एप्रिल २०२५

चि. सौ. सुचित्रास,
थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलं असशील. ओळखून कागद फाडायला घेतला असशील, तर जरा थांब. फोन केला असता तर तू कापला असतास, दाराशी आले असते तर दार लावलं असतंस, आणि दोन्हींत तुझं काही चुकलं नसतं. कागद मात्र फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच, म्हणून हा उद्योग. अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे सुरुवात कशी करायची तेच सुचत नाही.

आम्ही इकडे ठीक. ह्यांचे गुडघे बोलतात, पण ट्रेलरचा धंदा प्रीतमवर सोडल्यापासून बीपी ताब्यात आहे. सूनबाई राजनंदिनी गुणाची आहे, फक्त कालवणात चिंच घालताना हात आखडता घेते. सोनलचं लग्न ठरलं हे तुझ्या कानावर गेलंच असेल, आपल्या सारसोळे गावात कुठली गोष्ट लपते! अठरा मे. मुलगा तुर्भ्याला कारखान्यात इंजिनीअर आहे, उंच आहे, खातो पोटभर. हळद इथे बंगल्यावरच आहे.

घरातली दुसरी बातमी म्हणजे तलावाचा पंप बदलला. हसू नकोस. आमचा तो मिठाच्या पाण्याचा पोहण्याचा तलाव तुला आठवत असेलच. पाण्यात मीठ घालायचं आणि त्या मिठातूनच मशीन पाणी साफ ठेवणारं औषध बनवतं, डोळे चुरचुरत नाहीत, म्हणून ह्यांनी हौसेनं बांधलेला. वास्तुशांतीला त्या गोणी बघून तू ओटीवर भर बायकांत म्हणाली होतीस, "सासरा जनमभर पान्यातून मीठ काढून मेला, आन् ह्ये पान्यात मीठ ओततान!" सगळ्या हसल्या. मीही हसले होते.

जुना पंप एकाच वेगाचा. सुरू झाला की मागच्या अंगणात शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळत नसे. विजेचं बिलही दांडगं, आणि हळदीला एवढी माणसं येणार, म्हणून प्रीतमनं ठरवलं की वेग कमीजास्त करता येतो तसला नवीन घ्यायचा. तुर्भ्याहून पार्थ नावाचा मेकॅनिक बोलावला. मी म्हटलं, "अरे, परका माणूस कशाला? बाबांचा पंपवाला आहे ना, रोज तर बोलतात त्याच्याशी." खरंच गं, ह्यांच्या मोबाइलवर रोज अकरा वाजता 'पंपवाला' असं नाव यायचं आणि हे उठून पंपाच्या खोलीत जाऊन तासभर बसायचे. मी वर्षानुवर्षं बोटं मोडत आले, की जळला मेला तो पंप, एवढा बिघडतो तर भंगारात का घालत नाहीत. प्रीतमला मी हे म्हटलं आणि ह्यांनी चहा लेंग्यावर सांडला. "तो गेला गावाला," म्हणाले.

तर पार्थनं पंप बसवला. आधी वेग इतका कमी ठेवला की मिठाच्या मशीनचा लाल दिवा लागला, पाणीच पुरेसं जाईना. मग थोडा वाढवला, दिवा हिरवा झाला. "काकू, आता हा दिवसभर असा हळूच चालनार. टेन्शन नाय." चालू आहे की बंद, हे बघायला मला पंपावर हात ठेवावा लागला.

परवा सोमवारी अकरा वाजता हे नेहमीसारखे त्या खोलीत गेले. मी मागच्या पायरीवर सुकट निवडत बसले होते. ह्यांचा आवाज तुला माहीत आहे. न्हावा शेव्याच्या यार्डात ट्रेलर मागे घ्यायला लावणारा आवाज तो, त्यात अकरा वर्षं पंपावर ओरडून बोलायची सवय. पंप गप्प झाला, पण ह्यांच्या गळ्याला ते कोणी सांगितलंच नाही. ते आपले जुन्या पंपावर ओरडल्यासारखे ओरडले, "देवजी! काय र, जेवलास का?"

सुचित्रा, सूप माझ्या हातातून पडलं. सगळी सुकट पायरीवर सांडली आणि मी ती गोळा करायचंही विसरले. ज्या घराचं नाव ह्या घरात काढायचं नाही, काढलंत तर माझं मेलेलं तोंड बघाल, अशी शपथ मी ह्यांना प्रीतमच्या लग्नानंतर घातली होती. आणि हे माझ्या पाठीमागे वीस पावलांवर बसून तुझ्या नवऱ्याला विचारत होते, कोळंबी मिळाली का, साखर तपासली का, कान दुखायचा राहिला का. रोज. मला आधी वाटलं ओरडावं. मग वाटलं, शपथ तर केव्हाच मोडली, म्हणजे आपण मरून पडलोय आणि कोणाला पत्ताच नाही.

मग ते म्हणाले, "सोनलच्या हलदीला ये र. आत नको येऊ. मांडवाच्या भाईर रस्त्याव उभा रहा. मी पान खायाच्या निमतानं येन. लांबून का होईना, पोरीला हलदीत बघून घे."

सख्खा काका. सोनल चालायला शिकली ती भावोजींच्या बोटाला धरून, आणि तिच्या हळदीला तो रस्त्यावर उभा राहणार, पानवाल्याच्या गिऱ्हाइकासारखा. मला ढसढसा रडू आलं, ते मी पदरात दाबलं.

त्यानंतर ह्यांनी फोनवर भावोजींना आणखी एक गोष्ट सांगितली. ती कागदावर उतरवायला मला दोन दिवस लागले.

आपल्यात भावकीची अक्षत घरच्या बाईनं स्वतः नेऊन हातात द्यायची असते. नुसती छापील पत्रिका कितीही सोनेरी असली तरी तिला कोणी येत नाही. प्रीतमच्या वेळी तुमच्या घरची अक्षत मी नेणार होते. हळदीचे तांदूळ, सुपारी, तुमच्या नावाची पुडी, सगळं मी हातानं बांधलं. रिक्षेत बसले, आणि तुझं ते मिठाचं बोलणं आठवलं. बायका हसल्या ते आठवलं. रिक्षा परत फिरवली.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, दिली हातात. पुडी कुठे टाकावी ते कळेना. अक्षत केरात टाकत नाहीत, पाण्यात सोडतात. खाडीवर जायला धीर नव्हता. मग तलावाच्या भिंतीत पाला ओढून घेणारं तोंड आहे ना, तिथे पुडी सोडून पालथी केली. पाण्यानं ओढून घेतली. गेली, असं मी समजले.

तुम्ही आला नाहीत. येणार कसे? तू गावात सांगितलंस की आम्हाला बोलावणंच नव्हतं. मी गावच्या रंगूबाईंसमोर, चार जणींत, गळ्याला हात लावून सांगितलं की अक्षत मी तिच्या हातात दिली. लोकांनी माझं खरं धरलं, मोठी ना मी! तेव्हापासून सारसोळ्यात तुला खोटारडी म्हणतात, अक्षत घेऊन लग्नाला न आलेली म्हणतात, हे मला माहीत आहे. अकरा वर्षं माहीत आहे.

परवा हे देवजी भावोजींना म्हणाले, "तिनी अक्षत नेलीच नव्हती र. दुसरे दिवशी जालीच्या टोपलीत मना गावली. फुगलेलं तांदूल आन् सुपारी. मना तवाच ठाव होता." पलीकडून भावोजी काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. हे म्हणाले, "इचारलं कशाला नाय? इचारलं असतं तर रडली असती, आन् आनखी एक खोटं बोलली असती. जनमात एकच खोटं बोललीय ती. आन् तू सुचित्राला यातला काय सांगू नको, तिला आनखी लागंल."

त्या तोंडाच्या आत पाला अडवणारी ती टोपली हे रोज सकाळी स्वतः साफ करतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्याच तोंडात अक्षत सोडली. एवढी कशी गं मी खुळी? आणि त्यांनी ते अकरा वर्षं पोटात ठेवलं. माझ्यासमोर माझ्याच खोट्याची बाजू घेत राहिले आणि मागच्या खोलीत भाऊ जपत राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाला मी ओळखलंच नाही.

काल हे केस कापायला गेले तेव्हा मी पंपाच्या खोलीत गेले. फळीवर रबराच्या जुन्या रिंगांचा डबा आहे. त्यात तळाशी कागदात गुंडाळलेली ती सुपारी मिळाली. ठेवली होती त्यांनी.

ह्यांना मी काही बोलले नाही. फक्त पार्थला फोन करून बोलावलं आणि सांगितलं, रोज अकरा ते बारा पंप पूर्ण वेगानं चालू दे, आवाज झाला पाहिजे. तो म्हणाला, "काकू, बिल वाढंल ना." मी म्हटलं, वाढू दे, पाला फार पडतो. आजपासून पंप अकराला पुन्हा ओरडायला लागला. हे खुशीत आत गेले, आणि मी पायरीवर सुकट निवडत बसले. ह्यांचा शब्दही कळत नव्हता.

येत्या रविवारी, रामनवमीला, अकरा वाजता मी तुझ्या दाराशी येईन. अक्षत घेऊन, त्यात हीच सुपारी घालून. बरोबर रंगूबाई असतील आणि तेव्हाच्या त्या चौघींतल्या ज्या हयात आहेत त्या. त्यांच्यासमोर मी सांगणार आहे की सुचित्रा खरी होती आणि मी खोटी. ते झाल्यावर तू मला ओटीवरून हाकललंस तरी चालेल. पण भावोजींना हळदीला मांडवात पाठव, आणि तूही ये. सोनलला पहिली हळद काकीनं लावायची आहे. आणि ते मिठाचं बोलणं पुन्हा एकदा माझ्या तोंडावर बोल. ह्या वेळी मी खरंच हसेन, कारण बोललीस ते खरंच होतं.

दार उघडलंस तर अक्षत हातात घे. नाही उघडलंस तर तुझ्या उंबऱ्यावर ठेवून जाईन. पाण्यात मात्र आता सोडणार नाही.

जिनं तुला गावात खोटं पाडलं,
ती तुझी थोरली जाऊ,
सरस्वती