बिनविरोध मृत

गुढियारी, रायपूर
मंगळवार

चि. चारुदत्त,

अनेक आशीर्वाद (बिनसाखरेचे, तुझा शुगरचा रिपोर्ट तुझ्या इंदूने मला फोनवर वाचून दाखवला आहे). इकडे सर्व कुशल. रविवारी मी वारलो, तेवढं सोडून.

तुझ्या देवश्रीला कॅज्युअल्टीतली नर्सची नोकरी सोडून बिलासपूरला परत यायचं आहे, हे तिने तुला रडत सांगितलंच असेल. आणि तू "ये बाळा" म्हणण्याच्या बेतात असशील (पोट्टीचं रडं कानावर आलं की तुझं सगळं न्यायशास्त्र विरघळतं). तसं म्हणण्याआधी हे वाच.

रविवारी तिच्या हॉस्पिटलात मॉक ड्रिल होतं. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला, गाड्या भरभरून जखमी आले, असं समजायचं. आणि दारातल्या नर्सने प्रत्येकाच्या मनगटाला फीत बांधायची. लाल म्हणजे आधी हा, पिवळी म्हणजे थोडा थांबेल, हिरवी म्हणजे स्वतःच्या पायांनी चहाला जाईल, आणि काळी म्हणजे गेला, त्याच्यापाशी थांबू नका. दारात देवश्री. जखमी पुरवायचे आपल्या मराठी मंडळाने.

मंडळाचं तू जाणतोसच. लाल फितीसाठी मारामारी (विहंग, आपला हौशी नट, त्याने स्वखर्चाने टोमॅटो सॉस आणला). काळी मात्र कोणी घेईना. विनोदिनीबाई तर कडाडल्या, "काहून मारून राहिले मले? सुनेले पाचवा महिना हाय!" खोटी मरणवार्ता उठली की आयुष्य वाढतं, असं मीच कधीतरी मंडळातल्या व्याख्यानात बोलून बसलो होतो. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी बिनविरोध मृत झालो.

मला व्हरांड्यात चटईवर निजवलं. देवश्रीने फीत बांधली आणि पुढे गेली. मी मनात शाबासकी दिली. पण पोट्टी परत आली. नाडी पाहिली. पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि या वेळी चादरीची घडी माझ्या डोक्याखाली सरकवली (मृताला उशी!). शेवटी तिच्या वरच्या कलावती सिस्टर ओरडल्या, "अवं, ते मेले न! लालवाला तिकडं पडून राहिला, तू इथं काय करून राहिली?" ती धावली, पण तोवर विहंगची वेळ संपली होती. डॉक्टरांनी त्याची लाल फीत सोडून काळी बांधली. सॉससकट तो निमूट पडून राहिला. हसलं कोणी नाही. देवश्री हातातल्या उरलेल्या फितींकडे बघत उभी होती.

तिच्यावर कोणी रागावलं नाही. कलावती सिस्टर एवढंच म्हणाल्या, की पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं, ते ड्रिलमध्ये झालेलं बरं. मीच विचारात पडलो आहे. संकटात जवळ थांबतो तो बांधव, असं उभी हयात मुलांकडून घोकून घेतलं. आणि इथे आपल्या माणसापाशी जो थांबत नाही, तोच दुसऱ्याच्या माणसाचा बांधव ठरतो. हे कोणत्या सुभाषितात बसवावं, कळत नाही. पण घरी बसून हे शिकता येत नाही, एवढं मला मेल्यावर कळलं. भनपुरीहून उरल्याला रोज इतकी माणसं पाळीवर जातात. उद्या खरंच काही झालं, तर दारात उभी असलेली मुलगी आधी एकदा चुकलेली असावी, असं मला वाटतं.

म्हणून तिला परत बोलावू नकोस. रडू दे, पण तिथेच रडू दे.

तुझा मोठा भाऊ (दिवंगत),
रामकृष्ण

ता. क. पुढच्या महिन्यात पुन्हा ड्रिल आहे, आणि दारात पुन्हा देवश्रीच. काळी फीत अर्थातच कोणी घेत नाही. मी तुझं नाव दिलं आहे. मोठ्या बाबांना (म्हणजे मला) ओलांडून गेली नाही, पण बापाला ओलांडून गेली, तर मग ती कोणाहीपाशी अडणार नाही. रेल्वेचा पास तुझ्याकडे आहेच. इंदूला "रायपूरला काम आहे" इतकंच सांग.

आणखी एक. ती फीत बांधायला वाकली की डोळे मिटून पड. "जेवलीस का?" असं विचारू नकोस. मी विचारलं होतं.