वस्तादांच्या हौद्यातली माती

१४ जानेवारी १९५१

हरलो. एका पकवान विकणाऱ्या म्हाताऱ्याकडून!

झालं असं — आमच्या काडेपेटीच्या कारखान्यातले सिंधी म्हणाले, निर्वासितांच्या कॅम्पात आज कुस्त्या आहेत, चल. मी बदलापूरच्या दौलतराव वस्तादांचा पठ्ठा! छाती काढूनच गेलो. पण त्यांची कुस्ती निराळीच. एकमेकांच्या कमरेला फडकं बांधायचं, ते दोन्ही हातांनी धरायचं आणि उभ्या-उभ्याच पाडायचं. हासोमल नावाचा म्हातारा पुढे आला. पोट एवढं की लंगोट शोधावा लागेल. मी सवयीनं पट काढायला, म्हणजे पाय ओढायला, खाली गेलो — फडकं सुटलं, गुडघा टेकला. अख्खा कॅम्प टाळ्या वाजवायला लागला. मला वाटलं, माझ्यासाठीच.

हासोमलनं उठवलं, धूळ झटकली, वर पकवान, त्यांची ती कुरकुरीत तळलेली पुरी, खाऊ घातलं. पकवान मात्र झकास होतं.

१५ जानेवारी

वस्तादांना सांगितलं नाही. अंजनीला सांगितलं, तर तिनं हसत हसत चुलीपुढेच बसकण मारली. बायकोला काही सांगू नये.

४ मार्च

कारखान्यातली पाळी सुटली की कॅम्पात. हासोमल शिकवतो. "साईं, तू ज़मीन ढूँढता है. पहले खड़ा रहना सीख." इतकी वर्षं वस्ताद बोंबलतायत — खाली जा, खाली जा! हा म्हणतो उभा राहा. दोन सासवांची सून झालोय मी.

२१ मे

वस्तादांना कळलं. कुणीतरी चहाडी केली. आज कुस्तीच्या हौद्याच्या कडेवरच अडवलं, आत पाय टाकू दिला नाही. म्हणाले, कमरेला फडकं बांधून नाचायचं तर तमाशात जा. त्यांच्याकडे आम्ही इनमीन चौघं उरलोय, बाकीचे नोकऱ्यांना लागले. त्यातला एक हाकलला! हिशेब वस्तादांना कधी जमलाच नाही.

जेवलो नाही. रडलो. इथंच लिहितो, दुसरीकडे कबूल करणार नाही.

२ ऑक्टोबर १९५२

अंबरनाथला कारखान्यामागे पडीक जागा मिळाली. तालीम काढतोय! सकाळी माती, संध्याकाळी फडकं. पोरं मराठी, सिंधी, दोन्ही. पहिलंच भांडण — मारुतीच्या तसबिरीशेजारी सिंध्यांच्या देवाची, झुलेलालची, लावायची की नाही. लावली. मारुतीची अजून तक्रार आलेली नाही.

९ ऑक्टोबर

हौदा खणला. तांबडी माती, तेल, हळद, ताक. अंजनीनं घरातलं सगळं ताक ओतलं, भात कोरडाच गिळला. पण एवढ्यानं तालीम होत नाही, नुसतं वावर होतं. वस्तादाच्या हौद्यातली मूठभर माती आपल्या हौद्यात पडावी लागते. वस्तादांनी त्यांच्या वस्तादाकडून आणली होती. मला त्यांचीच हवी. दुसऱ्या कुणाची नको.

१२ ऑक्टोबर

बदलापूरला गेलो. वस्ताद हौद्याच्या कडेला एकटेच बसलेले. आत कडेनं गवत उगवलेलं. पाया पडलो, मूठभर माती मागितली. मान वर केली नाही त्यांनी.

"माझ्या मातीत फडकी मिसळायची नाहीत."

निघालो. जाता जाता चोरावी असंही मनात आलं. पण चोरीच्या मातीत कुस्ती म्हणजे पहिल्या दिवशीच मान मोडायची.

१८ ऑक्टोबर

उद्या दिवाळीचा पाडवा, उद्या नारळ फुटणार. हासोमल म्हणतो, मिट्टी मिट्टी है. त्या बिचाऱ्याची सगळीच पलीकडे सिंधात राहिली. त्याच्यापुढे मी मूठभर मातीसाठी काय रडायचं! तरी येतं रडू, काय करू.

१९ ऑक्टोबर

नारळ उचलला आणि बैलगाडी आली. पुढे वस्ताद, फेटा बांधून. मागे माती — काठोकाठ.

"मूठभर मागतोस? भीक मागायला शिकवलं होतं का तुला?"

गाडी आमच्या हौद्यात रिकामी केली. गाडीवान माझ्या कानाशी म्हणाला, तिकडे आता नुसता खड्डा आहे.

वस्तादांनी फावडं खाली ठेवलं, इकडेतिकडे बघितलं.

"आता मी कुठं बसू, ते सांग."

हासोमलनं हौद्याच्या कडेवर सरकून जागा केली.