पण आधी, आणि मग

२ मार्च, सकाळचे अकरा

चि. टिल्लूस,

आईचे अनेक आशीर्वाद, सूनबाईलाही सांग. मी मजेत आहे, तुम्हीही असालच.

तुझं पत्र आणि तिथे माझ्यासाठी लावलेल्या खोलीचे फोटो मिळाले. पडदे छान आहेत, फक्त डावा बोटभर आखूड शिवलाय, तो उसवून घे. इस्पितळाच्या शिवणखात्यात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला पडद्यांचे फोटो पाठवलेस तर असं होणारच. न्हाणीघरात धरायला दांडी बसवलीस, तीही पाहिली. ‘हो की नाही ते एका शब्दात कळव, वीस तारखेला ट्रक घेऊन येतो,’ असं लिहिलंयस. कळवते. पण आधी इकडचं थोडं ऐक.

मी इंग्रजी शिकतेय.

हसून झालं असेल तर पुढे वाच. वरच्या मजल्यावरची मास्तरीणबाई शिकवते. निवृत्त झाल्यापासून तिला रागवायला कुणी उरलं नव्हतं, ती हौस आता माझ्यावर भागवते. रोज चार वाजता वही घेऊन मी जिना चढते. गुडघ्यांवरून बोलू नकोस, सोळाच पायऱ्या आहेत.

या वयात ही वेळ का आली, तर आपल्याकडे मराठी न कळणारे पाहुणे उतरतात. म्हणजे पैसे देऊन, चार-आठ दिवसांसाठी. कुठल्या खोलीत ते सांगते, घाई करू नकोस.

पहिला आला तो पुलाची तपासणी करणारा इंजिनीअर. सहा फूट उंच, पण सशाचं काळीज. मी सकाळी त्याला सांगितलं, “बाथ. गो. हॉट वॉटर. फिनिश क्विक.” बिचारा दोन मिनिटांत कानामागचा साबण तसाच ठेवून बाहेर आला. मग मी म्हटलं, “सिट. ईट.” तो बसला, खाल्लं. “मोर?” असं मी खरं तर मायेनं विचारलं, पण आवाज काहीतरी भलताच लागला असावा. त्यानं चौथा टोस्टही मुकाट्यानं गिळला. तिसऱ्या दिवशी ‘सॉरी मॅडम’ अशी चिठ्ठी ठेवून स्वारी मुदतीआधीच पसार झाली. सॉरी कशाबद्दल, ते त्यालाही ठाऊक नसेल.

मास्तरीणबाईला हे सांगितलं तर हसून हसून तिची मुरकुंडी वळली. मग डोळे पुसत म्हणाली, “अगं, शब्द आहेत की तुझ्याकडे. पण तू नुसतं कापड कापून ठेवलंयस, शिवलंच नाहीस. त्याला सगळे हुकूम वाटले.”

आणि तिनं मला टाके दिले, तेही जोडीजोडीनं. बट फर्स्ट. अँड देन. सो नाऊ. बट स्टिल. बिकॉज युज्वली. म्हणाली, नुसतं ‘बट’ म्हटलंस की माणूस दारातच थबकतो, मागून ‘फर्स्ट’ आलं की पुढचं ऐकायला आत येतो. मी म्हटलं, “हे तर आपलंच आहे. पण आधी, आणि मग, म्हणून आता, पण तरीही.”

“मग इतके दिवस तोंडाला कुलूप लावलं होतंस का?” ती म्हणाली.

जोड्यांचा कागद मी ओट्यासमोर चिकटवला. पुढच्या पाहुणीला म्हटलं, “बट फर्स्ट टी, अँड देन स्लोली बाथ, बिकॉज युज्वली हॉट वॉटर कम्स लेट.” ती बाई चक्क हसली आणि कप घेऊन ओट्याशी गप्पा मारत उभी राहिली. तेच पाणी, तेच न्हाणीघर, बोलणारी मीच. ‘अनफॉर्च्युनेटली’ मात्र माझ्या कवळीला झेपत नाही. तिथे मी ‘बट’ म्हणते आणि एक मोठा उसासा सोडते. पाहुण्यांना बरोबर कळतं.

बरं, खोली. खोली तुझी आहे.

लिहून टाकलं एकदाचं. तुझं कपाट पुढच्या खोलीत आणलंय, बॅडमिंटनचे कप खोक्यात आहेत, भिंती फिकट पिवळ्या केल्या. चार महिने झाले. फोनवर मागून आवाज आले की तू विचारायचास, “कोण आहे गं?” आणि मी म्हणायचे, टीव्ही चालू आहे. खोटं बोलले. रागवायचं असेल तर रागाव.

पण खोली का दिली, ते आजवर कुणालाच सांगितलं नाही. मास्तरीणबाईलाही नाही. गेल्या वर्षी मी न्हाणीघरात पडले, तेव्हा तुला ‘जराशी घसरले’ म्हणून सांगितलं. जराशी नव्हतं ते. दोन तास ओल्या फरशीवर पडून होते. मास्तरीणबाई गावाला गेलेली. हाका मारून मारून घसा बसला, कुणाचं पाऊल वाजलं नाही. शेवटी सरपटत बाहेर आले. हाडं शाबूत होती, पण मी भ्यायले रे. इतकी भ्यायले की तेव्हापासून न्हाणीघराचं दार सताड उघडं ठेवून आंघोळ करायचे, पाहुणे आल्यावरही ते बाहेर गेले की. तू ‘माझ्याकडे चल’ म्हणालास तेव्हा मी तोऱ्यात ‘बघू’ म्हटलं आणि त्याच दुपारी बॅग भरून पलंगाखाली सरकवली. निघेपर्यंत घरात कुणाची तरी पावलं वाजावीत, एवढ्यासाठी खोली दिली. हौस-बीस काही नव्हती.

आता गेल्या मंगळवारचं ऐक. नोकरीच्या मुलाखतीला आलेली एक मुलगी उतरली होती. सकाळी नऊला ती आंघोळीला गेली आणि आतली कडी अडकली. आधी दार वाजवलं, मग किंचाळली, मग तिला श्वासच घेता येईना. सुताराला फोन केला तर तो म्हणाला, “काकू, हातातलं काम टाकून येतो, तरी अर्धा-पाऊण तास लागेल.”

मी स्टूल ओढलं आणि दाराला टेकून बसले. असं आत एकटं अडकल्यावर काय होतं ते मला माहीत होतं. मी ठरवलं, काही झालं तरी बाहेरचा आवाज तुटू द्यायचा नाही. म्हटलं, “बट फर्स्ट सिट. अँड नाऊ स्लोली ब्रीद. अँड देन अगेन.” ती बसली. श्वास घेतला, तो मला ऐकू आला. पण माझं इंग्रजी दहा मिनिटांत संपलं. आता काय बोलायचं? मग मी तिला उशीचा अभ्रा कसा शिवतात ते सांगायला लागले. “फर्स्ट वी कट. अँड देन वी फोल्ड. अँड देन अगेन वी फोल्ड. बट स्टिल वन साइड ओपन.” मी दम घ्यायला थांबले की आतून बारीक आवाज यायचा, “अँड देन?” टिल्लू, चाळीस मिनिटांत मी त्या पोरीला अकरा अभ्रे शिवून दिले!

सुतारानं कडी काढली. मुलगी बाहेर आली ती थेट माझ्या गळ्यातच पडली, मलाही ओलीचिंब केलं, आणि तशाच ओल्या केसांनी मुलाखतीला पळाली. मागे मी फरशी पुसायला आत गेले. पुसून निघताना हात दाराला लागला, तेव्हा कळलं की आत शिरताना मी दार लोटून घेतलं होतं. सवयीनं, पूर्वीसारखं. मी तिथेच उभी राहून एकटीच हसले. दुपारी पलंगाखालची बॅग रिकामी केली.

तर तुला एक शब्द हवा होता. नाही. मी येत नाही.

तुझी दांडी पाहून मला रडू आलं, हे खोटं नाही. असा मुलगा मिळायला नशीब लागतं. पण तुझ्याकडे मला सगळं हातात मिळेल आणि मी त्या छान पडद्यांमागे बसून राहीन. इथे सकाळी सातला कुणीतरी माझ्या चहाची वाट बघत असतं. तुझी काळजी मला कळते, म्हणून सुताराकडून इथेही दांडी बसवून घेतलीय, आणि घराची एक किल्ली मास्तरीणबाईकडे दिलीय. एवढं मी तुझं ऐकलं, आता तू माझं ऐक.

ट्रक रद्द कर. तू मात्र ये, सूनबाईलाही आण. तुझ्या खोलीत तेव्हा दोघी बहिणी उतरलेल्या असतील, पंचवीसपर्यंत, त्यामुळे तुमची अंथरुणं पुढच्या खोलीत. त्यांना मी फोनवर सांगून ठेवलंय, एकही टाका न सोडता, की माझा मुलगा येतोय, आणि तो मला न्यायला नाही, भेटायला येतोय. मला खोटं पाडू नकोस.

तुझीच, आणि तरीही इथेच राहणारी,
आई