झिजलेला मधला दट्ट्या

प्रिय भोंग्या,

मेलेल्या माणसाला पत्र लिहिते म्हणून मला वेडी म्हण, पण आधी शेवटपर्यंत वाच.

परवा एक संगीतशिक्षिका दुकानात ट्रम्पेट घेऊन आल्या. जुनं विकत घेतलंय, पण हवा गळते म्हणाल्या. पेटी उघडली आणि ट्रम्पेट उजेडात फिरवून पाहिलं. कडेचा पोचा ओळखीचा. तूच जिन्यावरून पाडून आळ माझ्यावर घातला होतास, लबाडा! पण हे तर तुझ्याबरोबर बोटीवर गेलं होतं. बोट बुडाली, कोणीच वाचलं नाही असं कळलं, आईने तुझा फोटो भिंतीवर लावला. ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस’ म्हणणारे बाबा तेव्हापासून दुकानात कुणालाही वाद्य वाजवून बघू देत नाहीत. आम्ही दुरुस्त करतो ते मुक्यानेच.

म्हणून न वाजवताच तपासलं. बोटाखालचा दट्ट्या न दाबता त्याची नळी ओढली, की बूच उडाल्यासारखा टक् आवाज यायला हवा. पहिल्याचा आला, तिसऱ्याचाही. मधल्याचा काहीच नाही. तो काढून उजेडात धरला, तर मुलामा एकाच बाजूने, तिरपा, पार पितळेपर्यंत उडालेला. मधलं बोट दारात चेंगरल्यापासून तू तसाच तिरका दाबायचास.  मग आठवलं, हा मुलामा बाबांनी तू जायच्या आठवड्यातच चढवला होता. तो इतका उडायला वर्षानुवर्षं रोज वाजवावं लागतं रे. समुद्राच्या तळाशी कोण वाजवतं?

दट्ट्या बाबांच्या हातात दिला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, दट्ट्या परत बसवला आणि ट्रम्पेट तोंडाला लावलं. निघाला नुसता फुसका वारा. तरी आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. मग बाबांनी स्टुलावर चढून तुझा फोटो उतरवला. मला रडू आवरेना.

बाई म्हणाल्या, विकणाऱ्याची एकच अट होती, दुरुस्ती याच दुकानात करायची. आणि काम झालं का, हे विचारायला तो त्यांच्याकडे येणार आहे. म्हणजे घर आठवतं तुला, फक्त दारात उभं राहायची हिंमत नाही. म्हणून हे पत्र बाईंच्या हाती देते आहे. ट्रम्पेटला नवा दट्ट्या बसवलाय. जुना बाबा मुठीत धरून बसलेत, मला देत नाहीत. तो न्यायला तुलाच यावं लागेल.

तुझीच, अजून चिडलेली,
ताई